‘करून राहिले’ तिथे आयएनजी, पण सगळीकडे नाही

पत्र:

बाई, नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते, वय 38. मुली झाल्यावर 12 वर्षं घरीच होते. मार्चपासून सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत बॅक ऑफिसला लागले आहे. काम जमतंय, पण बाहेरदेशच्या क्लायंटला इंग्रजीत मेल करावे लागतात. आमचा टीम लीड माझ्याहून 10 वर्षांनी लहान आहे. तो माझे मेल लाल अक्षरांत दुरुस्त करतो आणि अख्ख्या ग्रुपला पाठवतो. गेल्या आठवड्यातल्या माझ्या चुका अशा: ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग धिस कॉलम’, ‘आय ॲम हॅव्हिंग वन डाउट’, ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स मार्च’ आणि ‘आय सेंड द फाइल बाय इव्हनिंग’. शाळेत शिकवलं होतं की रोजचं असेल तर साधा वर्तमानकाळ, आत्ताचं असेल तर आयएनजी. मला तो कॉलम आत्ताच समजत नव्हता, मग आयएनजी चुकलं कसं? वर सासूबाई पुण्याच्या. त्या म्हणतात, ‘तुझं मराठीच करून राहिले, जाऊन राहिले असलं, मग इंग्रजी कुठून येणार?’ खरंच काही संबंध आहे का?

– पोहे खाऊन राहिलेली, रामबाग

उत्तर:

पोहे खाऊन राहिलेल्या मुली,

तुझी सही वाचली आणि तिथेच ठरवलं की तुला अगं-तुगं करायचं. माझा जन्म लोकमान्य नगरातला, 31 वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं, आणि अजूनही घाईत असले की तोंडातून ‘येऊन राहिले’च निघतं. त्यामुळे आधी तुझ्या सासूबाईंचं उत्तर देते. संबंध आहे. पण त्यांना वाटतो त्याच्या बरोब्बर उलटा.

पुण्याच्या बोलण्यातलं ‘काय करतेस?’ घे. लग्नात कुणी लांबची आत्या भेटली आणि म्हणाली, ‘सध्या काय करतेस?’ तर तू नोकरीचं सांगणार. तीच आत्या दुपारी फोनवर म्हणाली, ‘काय करतेस गं?’ तर तू म्हणणार, भाजी निवडतेय. शब्द तेच, प्रश्न दोन. इंग्रजीत मात्र त्यांची दोन वेगळी वाक्यं होतात: पहिला ‘व्हॉट डू यू डू?’ आणि दुसरा ‘व्हॉट आर यू डूइंग?’. पुस्तकी मराठीत ‘करत आहेस’ आहे, बोलण्यात ‘करतेयस’ही आहे, नाही असं नाही. पण जिभेला ‘करतेस’ सोपं पडतं आणि ते दोन्हीकडे खपून जातं.

आता आपलं इंदुरी ‘काय करून राहिलीस?’ घे. ह्याला ‘बॅक ऑफिसला आहे’ असं उत्तर अख्ख्या रामबागेत कुणी देणार नाही. ह्याचा अर्थ एकच, ह्या घडीला हातात काय आहे. हिंदीतल्या ‘कर रही है’वरून आपण ते उचललं, हे उघड आहे. मल्हाररावांच्या मागोमाग माळव्यात आलेली आपली माणसं अडीचशेहून जास्त वर्षं हिंदी-माळवीच्या शेजारात राहिली, तर एवढी उसनवारी होणारच. नागपूरकडेही हेच ऐकू येतं. सासूबाईंच्या कानाला ते खटकतं हे मान्य, पण भेद दाखवायला ‘रोज पोहे खाते’ आणि ‘पोहे खाऊन राहिले’ ह्या जोडीसारखी धारदार सुरी मला दुसरी मिळालेली नाही. वर्गात मी तीच वापरायचे. वाक्य मनातल्या मनात इंदुरी करून बघायचं. ‘करून राहिले’ बसलं तर आयएनजी, नाही बसलं तर साधं क्रियापद. ‘द गार्बेज व्हॅन कम्स एव्हरी मॉर्निंग’, कारण गाडी रोज येते. पण गल्लीच्या तोंडाशी तिचं गाणं ऐकू आलं आणि डबा घेऊन पळायचं असेल तर गाडी येऊन राहिली, म्हणजे ‘द व्हॅन इज कमिंग’. (शुद्ध मराठी माणूस तेव्हा काय ओरडतो ठाऊक आहे ना? ‘गाडी आली, गाडी आली!’ आलेली नसतानाच. आणि आईने हाक मारली की आपण जागचे न हलता ‘आले!’ म्हणतो. भूतकाळ! मराठी काळाचं रूप जसंच्या तसं इंग्रजीत उतरवू नये ते ह्यासाठीच.)

मग तुझा कॉलम कुठे अडला? ‘समजून नाही राहिलं’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. हिंदीतही ‘समझ नहीं आ रहा’. पुण्यातही ‘कळत नाहीये’, ‘मला वाटतंय’, ‘ऐकू येतंय’. म्हणजे आपल्या तिन्ही बोलींत समजणं, वाटणं, ऐकू येणं ह्या गोष्टी चालू असू शकतात. इंग्रजीत त्या सहसा नसतात. माझी सुरी इथे बोथट होते, आणि तुझ्या टीम लीडची लाल शाई इथेच सांडते.

शाळेत सांगितलेला ‘रोजचं’ आणि ‘आत्ताचं’ हा नियम घड्याळाचा आहे. इंग्रजी इथे घड्याळ पाहत नाही. इंग्रजी एवढंच विचारतं की ही गोष्ट करायला घेतलेलं काम आहे, की नुसती असलेली स्थिती? काम सुरू होतं, मध्यावर असतं, संपतं, अर्धवट टाकून उठता येतं. स्थितीला मध्य नसतो. त्यासाठी मी वर्गात एक वात्रट परीक्षा लावायचे. वाक्यापुढे ‘थांब, अर्धं झालंय’ लावून बघायचं. ‘थांब, मी मेल लिहितेय, अर्धा झालाय.’ बसलं. ‘थांब, मी कणसाचा कीस परततेय, अर्धा झालाय.’ बसलं. ‘थांब, मला उत्तर माहीत आहे, अर्धं झालंय.’ ‘थांब, मला चहा आवडतो, अर्धा आवडून झालाय.’ पोरं खिदळायची आणि नियम डोक्यात राहायचा. माहीत असणं, समजणं, आवडणं, हवं असणं, गरज असणं, मालकीचं असणं, विश्वास असणं, आठवणीत असणं, ह्यांपैकी कशालाच ‘अर्धं झालंय’ लागत नाही. म्हणून ते आत्ताचं असलं, ह्या सेकंदाचं असलं, तरी साधंच: ‘आय डोन्ट अंडरस्टँड धिस कॉलम’, ‘आय नीड द ओल्ड फाइल’, ‘आय नो द आन्सर नाऊ’. शेवटच्या वाक्यात ‘नाऊ’ असूनही आयएनजी नाही, हे तुझ्या शाळेच्या बाईंना कुणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

‘आय ॲम हॅव्हिंग वन डाउट’चा गुन्हेगार मात्र वेगळा आहे. तो आहे आपला ‘आहे’. ‘मला एक शंका आहे’, ‘मला दोन मुली आहेत’, ‘माझ्याकडे स्कूटर आहे’. वाक्यात आहे दिसला की आपण त्याच्या जागी ‘ॲम’ ठेवतो, मग उरलेल्या अर्थासाठी ‘हॅव’ आणतो, आणि आधीच ‘ॲम’ आलंय म्हणून त्याला आयएनजीचं शेपूट लावतो. तीन पायऱ्यांत वाक्य तयार! पण मालकी, नातं, शंका, डोकेदुखी हे सगळं असणं आहे, करणं नाही. ‘आय हॅव अ क्वेश्चन.’ डाउट हा शब्दही क्लायंटला लिहू नकोस. आपल्याकडे डाउट म्हणजे विचारायचं असलेलं काहीतरी, त्यांच्याकडे डाउट म्हणजे तुझ्या बोलण्यावर माझा विश्वास बसत नाही. बिचारा क्लायंट गोंधळतो.

ह्यावर माझी स्वतःची फजिती सांगते. नोकरीला लागून चारेक वर्षं झाली असतील. शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण होतं आणि शिकवायला एक इंग्रज बाई आल्या होत्या. चहाच्या वेळी त्यांनी घरचं विचारलं. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, ‘आय ॲम हॅव्हिंग टू डॉटर्स.’ त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, चेहरा उजळला, आणि म्हणाल्या, ‘ट्विन्स! हाउ वंडरफुल! व्हेन?’ इंग्रजीत ‘शी इज हॅव्हिंग अ बेबी’ म्हणजे तिला बाळ होणार आहे. बाळ कडेवर असेल तर ‘शी हॅज अ बेबी’. माझ्या थोरलीचं नाव तेव्हा नुकतंच शाळेत घातलं होतं. मी दोन्ही हातांनी ‘नो, नो, दे आर ॲट होम’ करत सुटले, आणि त्या बाईंना वाटलं असावं की जुळ्यांशिवायही घरी आणखी आहेत. तुझ्या पत्रात मुलींचं वाचलं तेव्हा आधी हेच आठवलं.

म्हणजे ‘हॅव्हिंग’ कधीच नाही असंही नाही. ‘हॅव’चा अर्थ जेव्हा खाणं, घेणं, भरवणं असा करण्याचा होतो तेव्हा ते खुशाल चालतं: ‘वी आर हॅव्हिंग लंच’, ‘दे आर हॅव्हिंग अ मीटिंग’. ‘थांब, जेवण अर्धं झालंय’ म्हणता येतं ना, म्हणून. अशी दुहेरी क्रियापदं आणखी आहेत. आमटी चाखून बघणारी आत्या ‘इज टेस्टिंग’, पण आमटी स्वतः ‘टेस्ट्स’ खारट. ‘आय थिंक ही इज राइट’ हे माझं मत, ‘आय ॲम थिंकिंग अबाउट इट’ म्हणजे डोक्यात गिरणी चालू आहे. ‘मला वाटतंय’चं इंग्रजी करताना म्हणूनच सावध राहा. दहापैकी नऊ वेळा ते मतच असतं, गिरणी नसते.

आणि त्या बर्गरवाल्या जाहिरातीचं काय, असं कुणीतरी ऑफिसात विचारणारच. मॅकडॉनल्ड्सने 2003 पासून ‘आय ॲम लव्हिंग इट’ जगभर ऐकवलंय. लव्ह हे खरं तर स्थितीचं क्रियापद. पण तोंडात घास असताना, ह्या क्षणाची मजा येतेय असं सुचवायचं असेल तर इंग्रज मुद्दाम नियम वाकवतात. वाकलेला दिसतो म्हणूनच तर तो लक्षात राहतो. आधी सरळ लिहायला शीक, मग हवं तेवढं वाकव.

आता उलट्या बाजूची चूक. ही तुझ्या पत्रात नाही, पण मराठी माणसाकडून ती झाल्याशिवाय राहत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळते. एकदा एका पोराने फळ्यावर ‘माझे बाबा झोपले आहेत’चं इंग्रजी लिहिलं, ‘माय फादर हॅज स्लेप्ट’. वर्गातल्या कुणालाच ते खटकलं नाही, कारण मराठीप्रमाणे ते बरोबर होतं. झोपले आहेत, बसली आहे, उभा आहे, साडी नेसली आहे, चष्मा लावलाय, भिंतीला टेकलाय. आपण आधी क्रिया पुरी करतो आणि मग त्या पुऱ्या झालेल्या क्रियेत बसून राहतो. मराठीत ‘बसतेय’ म्हणजे खुर्चीवर टेकण्याची ती दोन सेकंदांची हालचाल, आणि बसून झालं की ‘बसलीय’. इंग्रजी मात्र त्या पुढच्या सगळ्या वेळेला चालू काम धरतं: ‘शी इज सिटिंग’, ‘ही इज स्लीपिंग’, ‘शी इज वेअरिंग अ महेश्वरी’. इथे ‘करून राहिले’ची परीक्षा लावायला गेलीस तर फसशील, कारण आपणही ‘झोपून राहिलाय’ म्हटलं तर त्यात आळशीपणाचा टोमणा येतो. तेव्हा शरीर कसं आहे आणि अंगावर काय आहे, ही दोन ठिकाणं वेगळी लक्षात ठेव. तिथे मराठी ‘-ला आहे’, इंग्रजी आयएनजी. व्हिडिओ कॉलवर क्लायंटला सांगायचं झालं, की आमचे मॅनेजर माझ्या शेजारीच बसले आहेत, तर ‘इज सिटिंग नेक्स्ट टु मी’. ‘हॅज सॅट’ म्हणालीस तर ते समजून घेतील, पण क्षणभर थबकतील.

‘आत्ता’ हा शब्दही इंग्रजीत बराच रुंद आहे. तू पोहे परतत असताना कुणी विचारलं, हल्ली काय वाचतेस, तर ‘आय ॲम रीडिंग अ नॉव्हेल’ हे बरोबर, हातात पुस्तक नसून कालथा असला तरी. काम उघडं आहे, मिटलेलं नाही, एवढं पुरे. तसंच तात्पुरतं आणि कायमचं. ‘आय लिव्ह इन इंदूर’ म्हणजे माझं घर इथलं. ‘आय ॲम लिव्हिंग इन इंदूर’ म्हणालीस तर ऐकणाऱ्याला वाटेल, बदली होऊन आलेली दिसते, जाईल वर्ष-दोन वर्षांत. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. तुझ्या मनात काय आहे त्यावर निवड. आपल्या मेट्रोचं बघ. 31 मे 2025 ला गांधीनगरकडचा सुमारे 6 किलोमीटरचा पहिला तुकडा सुरू झाला, पुढचं काम तेव्हा चालूच होतं. तर सुरू झालेल्या तुकड्याबद्दल ‘द मेट्रो रन्स फ्रॉम गांधीनगर’, आणि बाकीच्याबद्दल ‘दे आर बिल्डिंग द रेस्ट’. एकच मेट्रो, एकाच दिवशी, दोन्ही रूपांत. त्या दिवसाच्या इंग्रजी बातमीचा मथळा वाचला असतास तर तिथे ‘पीएम फ्लॅग्स ऑफ इंदूर मेट्रो’ अशा धर्तीचं काहीतरी सापडलं असतं, म्हणजे झालेली गोष्ट साध्या वर्तमानात. ती मथळेवाल्यांची रीत आहे, मेलमध्ये आणू नकोस.

‘सिन्स मार्च’वाल्या वाक्यात लाल शाई योग्य आहे, पण ती चूक वेगळ्या प्रकारची. मार्चपासून आजपर्यंतची लांबी मोजायची असेल तर नुसतं वर्तमान इंग्रजीला पुरत नाही, ना साधं ना चालू. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स मार्च.’ मराठीत ‘मार्चपासून काम करतेय’ एवढ्यात भागतं म्हणून ही चूक आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. उपाय यांत्रिकच आहे. वाक्यात ‘सिन्स’ दिसलं की आधी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ शोधायचं. आणि तीन वर्षांपासून म्हणताना ‘सिन्स थ्री इयर्स’ नाही, ‘फॉर थ्री इयर्स’. सिन्सपुढे सुरुवातीची तारीख, फॉरपुढे मोजलेला काळ.

चौथं वाक्य, ‘आय सेंड द फाइल बाय इव्हनिंग’. हे मला चारांत सगळ्यात गोड वाटलं, कारण त्यात तुझं मराठी अगदी स्वच्छ दिसतं. ‘संध्याकाळपर्यंत पाठवते.’ आपण वचन साध्या वर्तमानात देतो. ‘मी बघते’, ‘मी सांगते त्याला’, ‘तू बस, चहा मी करते’. निघतानाही ‘येते हं’. रूप वर्तमानाचं, काम पुढचं. इंग्रजीत ‘आय सेंड द फाइल’ म्हणजे मी फाइल पाठवत असते, माझी ती रीत आहे. मराठीतल्या रीति वर्तमानाच्या, म्हणजे ‘पाठवत असते’च्या जवळचं. तिथे वचन नाही. म्हणून ‘आय विल सेंड द फाइल बाय इव्हनिंग’. ठरवून टाकलेलं, तारीख-वेळ पक्की झालेलं असेल तर इंग्रजीत चालू रूपही पुढचं सांगतं: ‘आय ॲम गोइंग टु पुणे ऑन फ्रायडे’, तिकीट पर्समध्ये आहे. आणि ज्याचं वेळापत्रक छापलेलं आहे त्याला साधं: ‘द अवंतिका एक्सप्रेस लीव्ज इन द इव्हनिंग’. तू जाशील की नाही ते तुझ्यावर, अवंतिका मात्र सुटतेच.

साध्या वर्तमानाची एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. आत्ता, डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीलाही इंग्रजी कधीकधी साधंच रूप देतं, आणि ते ऐकायचं असेल तर क्रिकेट लाव. 8 डिसेंबर 2011 ला आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागने वेस्ट इंडिजची 219 ची धुलाई केली तेव्हा घरोघरी टीव्ही चालू होते. आमच्याकडे सुशील दोशींच्या हिंदी समालोचनावर वाढलेले माझे यजमान इंग्रजी समालोचनावर सारखे कुरकुरायचे. इंग्रजी समालोचक चेंडूचं वर्णन करतात ते ‘ही स्टेप्स आउट, ही हिट्स’ असं. बोलेपर्यंत फटका संपलेला असतो, त्याला मध्यच सापडत नाही. पण दोन चेंडूंच्या मध्ये तेच समालोचक म्हणतात, ‘द कॅप्टन इज चेंजिंग द फील्ड’, कारण ते रेंगाळत चालतं. ‘थांब, अर्धं झालंय’ इथेही लागू पडतं, बघ. स्वयंपाकाच्या व्हिडिओत बाई ‘नाऊ आय ॲड द जिरावन’ (आपला पोह्यांवरचा मसाला) म्हणते तेही ह्याच जातीचं.

आता त्या टीम लीडबद्दल. चूक दाखवणं त्याचं काम असेल, ग्रुपवर दाखवणं नाही. त्याला एकट्याला गाठ आणि सांग की दुरुस्त्या मला वेगळ्या पाठव, मला त्या हव्या आहेत. बहुतेक पोरं एवढ्यात वरमतात. तोवर मनातल्या मनात त्याच्यावर इंग्रजीचा सराव कर. ‘ही इज रूड’ म्हणजे स्वभावच तसा. ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे आज तसं वागून राहिला, उद्या कदाचित नाही. ‘ही इज ऑलवेज करेक्टिंग मी’ म्हणजे हा सारखा माझ्या चुका काढत असतो, ह्यात वैताग आहे. ‘ही ऑलवेज करेक्ट्स मी’ म्हणजे नेहमी दुरुस्त करतो, नुसती नोंद, कदाचित आभारसुद्धा. फक्त एका आयएनजीत कपाळावरची आठी येते. सासूबाईंसाठी कोणतं रूप घ्यायचं ते मी सांगणार नाही.

एक गोष्ट त्यालाही ऐकवता येईल. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ हे भारतातल्या लाखो लोकांचं इंग्रजी आहे. भाषाशास्त्राचे अभ्यासक भारतीय इंग्रजीची ओळख सांगताना आयएनजीचा हा सैल वापर हमखास नोंदवतात. खुद्द इंग्रजांकडेही हा भेद चारशे वर्षांपूर्वी आजच्याइतका पक्का नव्हता. तेव्हा समोर पुस्तक उघडून बसलेल्या माणसालाही ते ‘व्हॉट डू यू रीड?’ असं विचारू शकत. म्हणजे हा काही वेदातला नियम नाही. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत मैत्रिणींशी बोलताना ‘आय ॲम हॅविंग अ हेडेक’ म्हण, कुणाचं डोकं जास्त दुखणार नाही. पण मेल पाठवायचा तो क्लायंटच्या दाराशी, तर त्यांच्या उंबरठ्याची उंची बघून पाय उचलायचा, इतकंच. हे मी शिक्षिका म्हणून म्हणते. इंदूरकर म्हणून म्हणायचं तर मला ‘अंडरस्टँडिंग’ आवडतं.

रोजच्या वापरासाठी एक छोटं काम देते, व्याकरणाचं पुस्तक नको. मेल लिहून झाला की पाठवण्याआधी कॉम्प्युटरच्या शोध-खिडकीत आयएनजी टाक. जितकी सापडतील तितक्यांवर थांब आणि ‘अर्धं झालंय’ म्हणून बघ. नो, अंडरस्टँड, हॅव, वाँट, नीड, लाइक, अग्री, बिलाँग ह्यांच्या शेपटाला आयएनजी दिसलं तर काप. तुझ्यासारख्या कामात एवढ्या आठांतच बहुतेक लाल शाई संपेल. ‘अग्री’ला तर विशेष जप. ‘आय ॲम अग्री’ असंही मी वाचलेलं आहे, तेही एका प्राचार्यांच्या पत्रात. नुसतं ‘आय अग्री’.

पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने तू आणखी एक विचारलंयस, की मेलच्या शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड’ लिहावं की ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’. दोन्ही चालतात. पहिलं जरा इस्त्रीचं, नव्या क्लायंटला ते. दुसरं ओळखीच्या माणसाला. फक्त दोन्हींच्या पुढे ‘टु हिअर’ नाही, ‘टु हिअरिंग फ्रॉम यू’. हो, तिथे आयएनजी लागतं, आणि ते का लागतं ह्याचा वर्तमानकाळाशी काडीचाही संबंध नाही. त्यासाठी वेगळं पत्र पाठव.

– तुझी, लोकमान्य नगरची बाई